हेडसर खात नाहीत

मंगळवारी सकाळी सात वाजता त्याने पिंजऱ्याखालचा ट्रे ओढला, तर तो स्वच्छ निघाला. काल संध्याकाळी अंथरलेला कागद तसाच कोरा होता. ना ओल, ना लेंडी. गेले अकरा दिवस हाच ट्रे ओढताना तो तोंड दुसरीकडे करायचा, श्वास रोखायचा, आणि ‘एक दिवस तरी हा मेला स्वच्छ निघू दे’ असं पुटपुटायचा. आज तो दिवस उजाडला होता. ट्रे हातात धरून तो तसाच उकिडवा बसून राहिला. कोऱ्या कागदाकडे इतका वेळ बघत बसायची वेळ त्याच्यावर शाळेतल्या परीक्षेनंतर आली नव्हती. मग त्याने वर पाहिलं. ससा कोपऱ्यात बसला होता, पाठीचा चेंडू करून, डोळे अर्धे मिटून, दवाखान्याच्या बाकावर पोटदुखीचा माणूस बसतो तसा. समोर कालचं गाजर पडलं होतं. अख्खं.

“हेडसर,” तो हळूच म्हणाला.

कान हलला. एकच, तोही अर्धा.

हेडसर हे नाव मुलांनी ठेवलं होतं. राखाडी कोट, छातीवर पांढऱ्या शर्टासारखा पट्टा, आणि कुणी गडबड केली की मागचा पाय धप्‌कन आपटायची सवय. मुलांना दुसरं नाव सुचणार तरी कुठलं? दुसरा प्राणी हॅम्स्टर. तो सारखा इकडून तिकडे धावतो आणि दिसेल ते उचलून नेतो, म्हणून तो शिपाई. दोघंही ताईच्या शाळेचे. ताईने चौतीस वर्षं तिथे गणित शिकवलं होतं. शाळा आता दुसऱ्या शाळेत विलीन होणार होती, निरोपाच्या समारंभाला जुन्या शिक्षकांना बोलावलं होतं, आणि ताई गेली होती पर्स घेऊन, परत आली ती टॅक्सीतून, मांडीवर पिंजरा आणि पायाशी काचेची पेटी घेऊन. दार त्यानेच उघडलं होतं.

“हे काय?”

“ससा.”

“ते दिसतंय मला. पण हे काय?”

“शाळाच बंद होतेय, मग प्राणिकोपऱ्यातल्यांनी जायचं कुठं? सरक, दारात उभा राहू नकोस.”

“आणि त्या पेटीत उंदीर आहे.”

“हॅम्स्टर. उंदीर म्हटलेलं त्याला चालतं, मला चालत नाही.”

“ताई, दहा दिवसांनी तुझा गुडघा बदलायचाय. आठवतंय ना?”

“मला आठवतंय. तू घरी असणार आहेस, हे तुला आठवतंय ना?”

हे असं होतं. ती बासष्ट वर्षांची, तो छप्पन्न, आणि आई गेल्यापासूनची सोळा वर्षं दोघं या तीन खोल्यांत राहत होते, एकमेकांच्या वाटेत न येता, जिन्यातल्या शेजाऱ्यांसारखे सभ्यपणे. सकाळी पेपरची पानं वाटून घ्यायची, बाहेरची तिची, आतली त्याची. संध्याकाळी सूप, ब्रेड, बातम्या. भांडण नव्हतं. भांडण व्हायलाही काहीतरी घडावं लागतं. तो एका दंत-प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. गेली तीस वर्षं. इमारतीत त्याला ‘कवळीवाले’ म्हणत. शहरातले निम्मे म्हातारे त्याच्या दातांनी हसत होते, पण त्यांतल्या एकाचंही तोंड त्याने पाहिलं नव्हतं. डॉक्टरांकडून ठसे यायचे, तो प्लास्टर ओतायचा, मेणात दात बसवायचा, अ‍ॅक्रिलिक शिजवायचा, घासायचा, चमकवायचा, डबीत घालून परत पाठवायचा. आत कोण आहे, काय चावतं, कुणाला शिव्या देतं, याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. त्याला ते बरंच वाटायचं. मेण बिघडलं तर वितळवता येतं. प्लास्टर फुटलं तर पुन्हा ओतता येतं. त्याच्या टेबलावर आजवर कधी काही मेलं नव्हतं.

साडेसातला फोन वाजला. ताईच. काल ऑपरेशन झालं होतं आणि आज आवाज असा, जणू गुडघा नव्हे, बूट बदलून आलीय.

“हेडसर काय म्हणतायत?”

“मजेत.”

“खातायत?”

“खातायत.”

“लेंड्या?”

“आहेत.”

“बरं,” ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

अर्ध्या मिनिटात तीन थापा, त्याही चौतीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडणाऱ्या बाईला. का बोललो खोटं? तिला काळजी नको, हे अर्थात. पण ते खरं नव्हतं, आणि तो खोटं बोलण्यात कच्चा होताच, स्वतःशी खोटं बोलण्यात त्याहून कच्चा होता. खरं कारण एका काचेच्या बरणीत होतं. तो आठ वर्षांचा होता, ताई चौदाची. ती शाळेच्या सहलीला चार दिवस गेली आणि तिचे दोन सोनेरी मासे त्याच्या ताब्यात देऊन गेली. थंडी कडाक्याची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बरणीत बोट घातलं तर पाणी बर्फासारखं. त्याला माशांची दया आली आणि त्याने किटलीतलं कोमट पाणी ओतलं. त्याला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. आपल्याला नाही का वाटत? ताई परत आली, बरणीकडे पाहिलं, वाकून बुटाची नाडी सोडू लागली आणि आईला म्हणाली, त्याला नव्हे, आईला: “याच्या हातात जिवंत काही द्यायलाच नको.” एवढंच. नाडीची गाठ सुटत नव्हती म्हणून आवाज जरा दाबलेला. अठ्ठेचाळीस वर्षं झाली, तो ते वाक्य विसरला नाही, आणि नाडीही. लोकांना वाटायचं हा मेणात रमतो. दातांच्या डॉक्टरकडे फोन घेणारी एक हसरी बाई होती, तिच्याबरोबर दोन वर्षं दर शुक्रवारी त्याने कॉफी प्यायली. तिसऱ्या वर्षी तिने वाट बघणं सोडून दिलं, आणि तो विचारायचं राहूनच गेलं असं सगळ्यांना सांगत राहिला. राहून काही गेलं नव्हतं. त्याने आपले दोन्ही हात पाहिले होते आणि ते खिशात घातले होते.

फ्रिजवर ताईचा कागद चिकटवलेला होता. फळ्यावर लिहावं तशा अक्षरात. सुकं गवत कायम, भरपूर, न मोजता. गाजर बोटाएवढं, आठवड्यातून दोनदा. पाणी रोज नवं. हेडसर आणि शिपाई एका खोलीत मोकळे सोडायचे नाहीत. कान धरून उचलायचं नाही. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, ‘लहानपणी मी तुझे धरायचे, ते सोड.’ तो कागद त्याने दहा वेळा वाचला होता आणि पाळला मात्र आपल्या सोयीने. गवताने त्याला शिंका यायच्या, खोलीभर काड्या व्हायच्या, म्हणून परवापासून, ताई दवाखान्यात गेली तेव्हापासून, गवत चिमूटभर आणि गाजर मात्र मुबलक. सशाला गाजर आवडतं, हे चित्रांच्या पुस्तकातसुद्धा असतं! कागदाच्या तळाशी फोन नंबर होता आणि दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: ‘अर्धा दिवस खाल्लं नाही तर विचार करत बसायचं नाही.’

विचार करत बसणं हाच त्याचा स्वभाव. तिला ते माहीत होतं, म्हणूनच तर दोन रेघा.

त्याने नंबर फिरवला. एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, “शेवटचं कधी खाल्लं?”

“काल दुपारी बहुतेक. नक्की… मी बघितलं नाही.”

“लेंड्या?”

या वेळी तो म्हणाला, “एकही नाही.”

“आत्ता घेऊन या. दुपारी नको. ससा उपाशी राहिला की पोट बंद पडतं. आत्ता.”

मग त्याने लॅबच्या मालकांना फोन केला. तीस वर्षांत तो सकाळी असा कधीच चुकला नव्हता.

“आज मी येत नाहीये.”

“ताईंचं काही…?”

“नाही नाही, ती ठीक आहे. हेडसर आजारी आहेत.”

“कोण हेडसर?”

“ससा.”

मालक म्हणाले, “बरं. पण तो वरचा जबडा आज द्यायचा होता…”

“उद्या,” तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, हा शब्द आपण मालकांना आयुष्यात पहिल्यांदा ऐकवला. चवीला वाईट नव्हता.

उचलायचं कसं, हा प्रश्न होता. अकरा दिवसांत त्याने सशाला हात लावला नव्हता. ते सगळं ताईचं. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, आणि अंगाशी घट्ट, म्हणजे त्याला पडायची भीती वाटत नाही. हे ती बोलताना त्याने पेपरमागून ऐकलं होतं. त्याने हात घातले. पहिल्यांदा जाणवलं ते वजन नव्हे, ऊब. ताज्या ओतलेल्या प्लास्टरलाही ऊब असते, घट्ट होताना ते तापतं, पण ती ऊब पाच मिनिटांत संपते आणि मग कायमची गार. ही संपत नव्हती. मऊ केसांच्या आत कुठेतरी एक अतिशय घाईचं घड्याळ चालू होतं, टिकटिक इतकी जलद की वेगळी मोजता येईना. ससा धडपडला नाही. धडपडला असता तर बरं वाटलं असतं. “चला सर,” तो म्हणाला, आणि त्याला न्यायच्या लहान पिंजऱ्यात ठेवलं.

प्राण्यांच्या दवाखान्यात एक पोपट होता, दोन मांजरं होती, आणि वासराएवढा एक कुत्रा, जो सशाचा पिंजरा पाहताच मालकिणीच्या खुर्चीखाली शिरायला लागला. खुर्ची मालकिणीसकट उचलली गेली. सगळे हसले, तोही हसला, आणि मग आपण कशासाठी आलोय ते आठवून गप्प झाला. आतून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, “हेडसर!” तो अशा झटक्याने उठला की समोरचा पोपटवाला अदबीने म्हणाला, “या सर, या.”

डॉक्टरीणबाई बुटक्या, केस बारीक कापलेले, बाह्या कोपरापर्यंत वर. त्यांनी सशाच्या पोटाला नळी लावली, ऐकलं, आणि नळीची टोकं त्याच्या कानांत घातली. “ऐका. एरवी इथं सारखं गुडगुडत असतं.” त्याने ऐकलं. काहीच नाही. भिंतीला कान लावावा तसं. मग त्यांनी एक दिव्याचं छोटं नळकांडं सशाच्या ओठांच्या कडेने आत सरकवलं, डोळा लावला, आणि हुंकार भरला. “दाढांना काटे आलेत.”

“मला बघू देता?”

त्यांनी मान वर केली. असं कुणी विचारत नसावं. मग त्या बाजूला झाल्या.

तो वाकला. प्रकाशाच्या त्या छोट्याशा गोल खिडकीत गुलाबी गुहा होती, ओली, हलणारी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दाढांच्या रांगा. त्याने लक्षावधी दात पाहिले असतील. मेणातले, धातूतले, प्लास्टरमधले, डबीत वाजणारे. पण हे त्याने कधीच पाहिलं नव्हतं. जिवंत तोंडात बसलेले जिवंत दात, आणि त्यांच्या मध्ये चुकचुकणारी चिमुकली जीभ. त्याची नजर आपोआप कामाला लागली. “खाली, डावीकडे, दुसरी दाढ,” तो म्हणाला, “आतल्या बाजूला कड वाढलीय. जिभेत घुसतेय ती. आणि वरची उजवी बाहेर, गालाकडे.”

“तुम्ही डेंटिस्ट आहात?”

“नाही. मी दात बनवतो.”

“मग तुम्हाला सांगायला सोपं जाईल. यांचे दात जन्मभर वाढतात. सगळे. दर आठवड्याला थोडे थोडे. दिवसभर गवत चघळून ते घासले जायला हवेत. गवत कमी पडलं की ते वाट्टेल तसे वाढतात आणि असे टोचतात. टोचलं की खात नाही, खाल्लं नाही की पोट थांबतं.”

“म्हणजे हे माझ्यामुळे. शाळेतून आला तेव्हा ठीक होता. मी दोन दिवस गाजरंच…”

“दोन दिवसांत काटे येत नाहीत,” त्या म्हणाल्या. “हे महिन्यांचं काम आहे. शाळेत बिस्किटं खाऊन झालेलं. तुमच्या गाजरांनी मदत केली नाही, एवढं खरं. पण तुम्ही आज आणलंत.”

जन्मभर वाढतात. तो ते मनात घोळवत राहिला. त्याच्या टेबलावर येईपर्यंत माणसांचे दात संपलेले असायचे. त्याचं कामच मुळी संपल्यानंतर सुरू व्हायचं. आणि इथे हा एवढासा प्राणी, दीड किलोचा, दर आठवड्याला नवे दात काढत बसलाय, कुणाला न सांगता. डॉक्टरीणबाई समजावत होत्या: आत्ता दुखणं थांबायचं इंजेक्शन, अंगात पाणी, मग दुपारी भूल देऊन काटे घासायचे. “सशांना भूल जपून द्यावी लागते. मी जपते. पण शंभर टक्के कुणी सांगू नये. तुमचं काय ठरतंय?”

ताईला विचारतो, हे वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. त्याने ते गिळलं. “करा,” तो म्हणाला. त्यांनी एक कागद पुढे केला. प्राण्याचं नाव, वय, वजन. त्याखाली: मालक. पेन तिथे थांबलं. मग त्याने स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, घराचं खरेदीखत करावं तितक्या सावकाश.

पाचला घ्यायला यायचं होतं. अकरा ते एक ताईला भेटायची वेळ. तो गेला. ताई उशीला टेकून बसली होती, पाय उंचावर, केस मोकळे. मोकळ्या केसांत त्याने तिला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. शेजारच्या खाटेवर एक आजी पाय लांब करून, कान टवकारून पडल्या होत्या.

“बस,” ताई म्हणाली. “सकाळी तीन उत्तरं दिलीस. तिन्ही चूक. आता पायऱ्या दाखव.”

त्याने सांगितलं. कोरा कागद, गवत, गाजरं, काटे, भूल. ती मध्ये बोलली नाही. सगळं संपल्यावर, कसा कोण जाणे, तो थांबलाच नाही; त्याच श्वासात मासे आले, किटली आली, बुटाची नाडी आली, ते वाक्य आलं. अठ्ठेचाळीस वर्षांत त्याने ते मोठ्यांदा उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर ते किती लहान होतं! एका ओळीचं.

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. “मासे? ते दोन? अरे, ते मी जायच्या आधीच उलटे तरंगत होते. एक तर कुशीवरच पोहायचा, दारुड्यासारखा.”

“काय?”

“म्हणून तर तुझ्याकडे दिले. माझ्यासमोर मेले असते तर मला बघवलं नसतं. म्हटलं, चार दिवस नाहीच आपण, तोवर काय व्हायचं ते होऊन जाईल.”

“आणि मग तू म्हणालीस…”

“म्हणाले असेन. चौदा वर्षांची होते. खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतं, तुझं हाताशी होतं.” तिने मोकळे केस मागे सारले. “तू हे इतकी वर्षं धरून बसलास? वेड्या, एकदा विचारायचंस तरी.”

“काय विचारू? मासे आधीपासून आजारी होते का, असं?”

“हो! असंच!”

शेजारच्या आजी फस्सकन हसल्या आणि घाईघाईने खोकला आल्याचं सोंग करू लागल्या. मग ताई हसली, गुडघा धरून, आई गं म्हणत. मग तोही. हसता हसता त्याला छातीत काहीतरी सैल होतंय असं वाटलं, अक्षरशः, घट्ट बसलेला साचा प्लास्टरपासून सुटावा तसं. एवढंच होतं तर! दारुड्यासारखा मासा!

“शाळेत पाच जणं हे दोघे न्यायला तयार होती,” ताई डोळे पुसत म्हणाली, खिडकीकडे बघत. “मी हिसकावून आणले.”

“का?”

“एक वाजला,” ती म्हणाली. “भेटायची वेळ संपली.”

तीनला घरी पोचल्यावर त्याला बसवेना. पाच वाजायला दोन तास होते, आणि दोन तासांत भूल दिलेल्या सशाचं काहीही होऊ शकतं. त्याने शिपायाची पेटी साफ करायला घेतली. हॅम्स्टर आपल्या भुशाच्या घरट्यात लोळागोळा होऊन झोपला होता, सोनेरी, सुपारीसारखा. त्याला न उठवता त्याने कडेचा भुसा चमच्याने काढला. कोपऱ्यात शिपायाचं कोठार सापडलं. सूर्यफुलाच्या बिया, मटाराचा दाणा, कागदाची गोळी, आणि त्यांच्यामध्ये, पांढराशुभ्र, एक दात. वरचा, समोरचा, डावा. त्याने तो दोन बोटांत धरला. हाच दात तो गेल्या गुरुवारपासून शोधत होता. घरी जेवायच्या टेबलावर एका बाईंची कवळी मेणात मांडत असताना नाहीसा झाला होता, आणि त्याने टेबलाखाली बॅटरी घेऊन सगळं धुंडाळलं होतं. त्या संध्याकाळी ताईने शिपायाला टेबलावर फिरवलं होतं. म्हणजे हा गालात दात घालून निघून गेला! तोंडात स्वतःचे असताना! त्याला एकट्याला, रिकाम्या घरात, भर दुपारी, हसू आवरेना. दात त्याने धुतला, आणि कोठारातल्या रिकाम्या जागी एक बी ठेवली. देवाणघेवाण चोख असावी.

पाचला हेडसर जिवंत होते. गुंगीत, ओठ ओले, कान लोंबते, पण जिवंत. डॉक्टरीणबाईंनी हिरव्या भुकटीचं पाकीट आणि सुई नसलेली पिचकारी दिली. पाण्यात कालवून, दर दोन-तीन तासांनी, दातांच्या मागच्या फटीतून, थोडं थोडं. “गिळायला वेळ द्या. घाई करू नका. आणि समोर गवत ठेवा, ढीग.”

घरी आल्यावर त्याने सशाला टॉवेलात गुंडाळलं, मांडीवर घेतलं, आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर फ्रिजला टेकून बसला. खुर्चीवरून पडला तर? पहिली पिचकारी त्याच्या शर्टावर आली. दुसरी चष्म्यावर. तिसऱ्या वेळी त्याने कोन बदलला. कवळीत मेण भरताना करतो तसा, मनगट खाली, अंगठा हलका. हिरवा ठिपका आत गेला. ससा थबकला. आणि मग जबडा हलला. एकदा, दोनदा, आणि सुरूच झाला. लॅबमध्ये त्याच्याकडे पितळेचं एक यंत्र होतं, जबड्याच्या हालचाली दाखवणारं, वरखाली आणि थोडं आडवं. त्याच्यावर तो तीस वर्षं दातांना दात जुळवत आला होता. हे यंत्रासारखं नव्हतं. हे आडवं, गोल, घाईघाईचं, मिशांसकट, नाकासकट, सगळा चेहराच चावत होता. प्रत्येक घासाला त्याच्या तळहाताला खालून एक बारीकसा ठोका लागायचा. तो मोजायला गेला आणि चुकला, पुन्हा मोजायला गेला आणि मोजणं सोडून दिलं. खोलीत उजेड कमी होत होता. पलीकडे शिपाई जागा होऊन चाकावर धावायला लागला होता, घर्रर्र, त्याला कुठेही जायचं नव्हतं आणि तिथे पोचायची भलती घाई होती. टॉवेलमधून सशाची ऊब मांडीत उतरत होती. बरोबर, तो मनाशी म्हणाला; काय बरोबर ते त्याला सांगता आलं नसतं.

सकाळी त्याला जाग आली ती आवाजाने. कुर्रर्र कुर्रर्र, कुणीतरी बारीक कात्रीने कागद कापत असल्यासारखा. तो अनवाणी गेला. हेडसर गवताच्या ढिगात गळ्यापर्यंत बुडाले होते, तोंडातून एक लांब काडी झपाझप आत ओढली जात होती. त्याने ट्रे ओढला. कागदावर लेंड्या होत्या. गोल, तपकिरी, वाटाण्याएवढ्या. सात. जीव भांड्यात पडतो म्हणतात. त्याचा ट्रेमध्ये पडला. त्याने चक्क टाळी वाजवली, आणि ससा दचकून पाय आपटून मोकळा झाला. “आपटा, सर,” तो म्हणाला. “पाहिजे तितका आपटा.”

फोनवर सांगून ताईचा विश्वास बसणार नव्हता, कालच्या तीन उत्तरांनंतर तर नाहीच. त्याने कवळ्यांची एक नवी डबी घेतली, लॅबची, झाकणाची, आणि पुरावा तीत भरला. दवाखान्याच्या दाराशी नर्सने अडवलं.

“बाहेरचं खायचं चालत नाही.”

“खायचं नाहीये.”

“काय आहे मग?”

त्याने झाकण उघडून दाखवलं. नर्सने आत पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते शब्दांत बसणारं नव्हतं. पण तिने वाट सोडली. ताईने डबी हातात घेतली, नाकाशी नेली नाही, पण चष्मा मात्र लावला.

“सात,” ती म्हणाली.

“सातला सात होत्या. निघताना बघितलं तर मोजण्यापलीकडे गेल्या होत्या.”

“बघू, बघू,” शेजारच्या आजींनी हात पुढे केला. डबी त्यांच्या खाटेवर गेली. “गं बाई! किती छान!” त्या म्हणाल्या, आणि तिघंही त्या डबीकडे बघत राहिले, जणू पाळण्यातलं मूल बघायला आलेली माणसं.

शनिवारी ताई घरी आली, चार पायांची काठी ठोकत. सहा आठवडे जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही, अशी सक्त ताकीद. म्हणजे सगळं त्यालाच. ते आता त्याच्या अंगवळणीही पडलं होतं; गवताच्या काड्या त्याच्या स्वेटरमध्ये, बुटात, लॅबच्या मेणातसुद्धा सापडत होत्या, शिंका येत होत्या, आणि एका डॉक्टरने कवळीबरोबर गवताची काडी आल्याची तक्रार केली होती. दुपारी ताई खुर्चीत बसली, त्याने शिपायाची पेटी आपल्या खोलीत नेऊन दार लावलं, आणि पिंजरा उघडला.

“तू उभा राहिलास तर तो यायचा नाही,” ताई म्हणाली. “तू त्याला घराएवढा दिसतोस. आडवा हो.”

तो पालथा पडला, गाल सतरंजीला टेकवून. सोळा वर्षं तो राहत होता त्या खोलीत आणि हे कधी पाहिलंच नव्हतं: कपाटाखालचा उजेडाचा पट्टा, खुर्चीच्या पायांची रांग, ताईची चप्पल केवढी मोठी. हेडसर बाहेर आले. नाक आधी, मग मिशा, मग बाकीचे. भिंतीच्या कडेने एक फेरी, कपाट हुंगलं, ताईची काठी हुंगली. मग अचानक सशाने हवेत उडी मारली, आणि हवेतल्या हवेत अंग असं काही पिळलं की डोकं एकीकडे, मागचे पाय दुसरीकडे, आणि खाली आल्यावर लगेच दुसरी.

“झटका!” तो ओरडला. “ताई, त्याला झटका आला!”

“गप्प पड,” ताई म्हणाली. “आनंद झालाय त्याला. शाळेत तीन वर्षांत मी फक्त एकदा पाहिलीय ती उडी.”

तिसरी. चौथी. मग त्याला पोटरीवर काहीतरी जाणवलं. चार पावलं. हळूहळू वर, गुडघ्यामागून, कमरेवरून, जपून, नवीन घर बघायला आल्यासारखी. पाठीच्या मध्यावर येऊन ती थांबली. वजन खाली बसलं. ऊब पसरली. आणि त्याच्या कण्यावर, शर्टाच्या आरपार, ते घाईचं घड्याळ टिकटिकायला लागलं. त्याने श्वास उथळ घ्यायला सुरुवात केली. हसू येत होतं आणि हसलं तर ससा पडला असता.

तेवढ्यात फोन वाजला. ताईने हात लांब करून उचलला.

“हो, मी ताई. आता बरी आहे… तो? आहे ना, इथंच आहे.” तिने त्याच्याकडे खाली बघितलं, बराच वेळ. “नाही, आता नाही येता यायचं त्याला फोनवर… खालचा जबडा? सोमवारी… नाही हो, आजारी कशाला असेल? त्याच्या पाठीवर बसलंय कुणीतरी.”